कोर्स देवस्थळीचा, सही माझी

कुवेतमध्ये मोटार विम्याच्या टेबलामागे मी उमेदीची सगळी वर्षं काढली आणि त्या वर्षांत लोकांनी मला एकाच प्रश्नाने छळलं. "खातूसाहेब, तो गाडी हळू चालवायचा कोर्स केला तर इन्शुरन्स कमी होतो का हो?" आता चिपळूणला परत आलो तरी सुटका नाही. भाचेजावई विचारतो, शेजारचे डॉक्टर विचारतात. उत्तर अर्ध्या मिनिटाचं आहे. पण प्रश्न कानावर पडला की माझ्या डोळ्यांपुढे अरविंद देवस्थळी उभा राहतो, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात माइक, आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. दिवाळी अंकासाठी "नोकरीतलं काहीतरी लिहा" असा आग्रह झाला, तेव्हा ठरवलं की हे पोटदुखीचं प्रकरणच एकदा लिहून टाकावं.

देवस्थळी आणि मी एका शाळेत, एका वर्गात. गॅदरिंगच्या नाटकात तो राजा व्हायचा आणि मी पडदा ओढायचो. तो वक्तृत्वाची ढाल घेऊन यायचा आणि आमची आई माझ्याकडे बघून उसासा टाकायची. पुढे तो इंजिनियर झाला. मी बी.कॉम. करून विम्यात चिकटलो आणि नशिबाने कुवेतला पोचलो. फहाहीलच्या शाखेत माझं बस्तान बसलं, तिथल्या आमच्या मराठी मंडळात लोक "या खातू, बसा" म्हणू लागले, आणि देवस्थळी नावाचा माणूस जगात आहे हे मी जवळजवळ विसरलो. मग नव्वदचं दशक संपता संपता एका गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये शिरतो, तर स्टेजवरून तोच आवाज! शुऐबातल्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे तो सेफ्टी ऑफिसर म्हणून आला होता. आल्या आल्या सूत्रसंचालन त्याच्याकडे.

कुवेतमध्ये इमारतींना तोटा नाही. पण याने फ्लॅट घेतला तो आमच्याच इमारतीत, आणि तोही बरोबर आमच्या डोक्यावर. माझी बायको नंदा त्या गणपतीच्या दिवशी घरी येताना म्हणाली, "किती छान बोलतात हो देवस्थळी! ऐकत राहावंसं वाटतं." मी म्हटलं, "त्याला लहानपणापासून तेवढंच येतं." ती हसली. पुढे कितीतरी वर्षं ती तशीच हसत राहिली, आणि ते हसणं मला देवस्थळीपेक्षाही जास्त झोंबायचं.

आता थोडं विम्याचं. कुवेतमध्ये गाडीचे दोन प्रकारचे विमे. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. त्याचा दर सरकारने ठरवलेला. तुम्ही संतासारखी गाडी चालवा नाहीतर राक्षसासारखी, दर तोच. तो विमा असल्याशिवाय गाडीचं दफ्तर, म्हणजे नोंदणी, नवी होत नाही. तिथे तुमच्या कोर्सला कुत्रं विचारत नाही. दुसरा फुल इन्शुरन्स. त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचंही नुकसान कंपनी भरून देते, आणि त्याचा दर ठरवायचं काम माझ्यासारख्यांचं. एखाद्या कॉन्ट्रॅक्टरच्या वीस-पंचवीस बसा असल्या की आम्ही मागच्या तीन वर्षांचे क्लेम काढतो. कंपनीला किती खर्चात पाडलंत ते बघतो आणि पुढच्या वर्षीचा आकडा सांगतो. सर्टिफिकेट आम्हाला एवढंच सांगतं की हा माणूस अमुक दिवशी खुर्चीवर बसला होता. तो खुर्चीवरून उठून स्टिअरिंगवर बसल्यावर काय करतो, ते आम्हाला मोडलेला बंपर सांगतो.

हे लोकांना पटवणं महाकठीण. फरवानियाला रज्जाकभाई नावाचे रत्नागिरीकडचे गृहस्थ भाजीची व्हॅन चालवायचे. त्यांनी कुठून तरी असला कोर्स केला, सर्टिफिकेटला प्लास्टिकचं कव्हर चढवलं आणि ते व्हॅनच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलं. महिन्याभरात वेगाचा दंड आला तसे तणतणत माझ्यापुढे उभे. "खातूशेठ, ही काय पद्धत झाली? सर्टिफिकेट समोर दिसत व्हता, तरी कॅमेऱ्यानं फोटो काढलान!" मी म्हटलं, "रज्जाकभाई, कॅमेरा वाचत नाही." ते म्हणाले, "मग तुम्ही इन्शुरन्सवाल्यांनी त्याला सांगायला नको?" दंड मुरूरचा, म्हणजे वाहतूक खात्याचा, आणि विमा आमचा, हे समजावताना माझा चहा थंड झाला. तरी जाताना ते सवलतीचं विचारूनच गेले.

याच्या बरोबर उलट एक कुवेती गिऱ्हाईक होतं. त्याचा मुलगा इंग्लंडमध्ये शिकायला होता. तिथे तो वेगात सापडला आणि दंडाऐवजी त्याला कोर्सला बसवलं. बाप माझ्याकडे येऊन हळूच विचारतो, "ही गोष्ट तुमच्या कंपनीला कळवावी लागते का? आमच्या घरच्या गाड्यांचा दर वाढेल का?" एकाला वाटतं कोर्सने दर उतरेल, दुसऱ्याला वाटतं चढेल. मी दोघांनाही एकच सांगायचो, की कोर्स लपवू नका आणि मिरवूही नका, गाडी नीट चालवा. दोघेही माझ्यावर नाराज होऊन गेले.

तर असा मी, कोर्स या प्रकाराला नाकाने कांदे सोलत नाकारणारा माणूस. आणि देवस्थळीने शुऐबात सुरू काय केलं, तर कोर्सच.

त्याच्या कॉन्ट्रॅक्टरच्या बसा कामगारांना फहाहीलच्या खोल्यांमधून शुऐबाच्या कारखान्यांवर न्यायच्या आणि आणायच्या. ड्रायव्हर बहुतेक कुडाळ-मालवणकडचे, दोन-दोन वर्षांच्या करारावर आलेले, एका खोलीत पाच-सहा जण राहणारे. त्या बसांचा विमा माझ्याकडे होता, आणि खरं सांगायचं तर तो विमा माझ्या गळ्यात होता. आज हिने खांबाला घासलं, उद्या तिने पुढच्या गाडीला ठोकलं. क्लेमचे कागद घेऊन यायचा तो भिकाजी परब, त्यांच्यातला जुना ड्रायव्हर. काउंटरला दोन्ही हात टेकून म्हणायचा, "सायब, गाडयेक काय्येक झाला नाय. फक्त बंपर गेलो, लाइट गेली आणि दरवाजो उघडना नाय." मी कागद घ्यायचो, फोटो बघायचो, गाडी तपासायला माणूस पाठवायचो. माझं काम तिथे संपायचं.

मग एका वर्षी विमा नवा करायची वेळ जवळ आली तेव्हा त्या कंपनीचा ट्रान्सपोर्ट मॅनेजर नबील माझ्याकडे आला. तो लेबनानी, बोलायला गोड, पण त्या दिवशी सरळ मुद्द्यावर आला. त्याचा मालक म्हणतो, गेल्या वेळेसारखा दर पुन्हा वाढला तर स्वतःच्या बसा ठेवायच्याच नाहीत. सगळ्या विकायच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या बसा ड्रायव्हरसकट भाड्याने घ्यायच्या. "आणि तुमचे हे ड्रायव्हर?" मी विचारलं. नबीलने हात झटकले. "खलास. कॅन्सल. घरी."

पाठोपाठ दोन दिवसांनी भिकाजी आला, या वेळी कागद न घेता. कुडाळजवळच्या गावात त्याचं चिऱ्याचं घर चौथऱ्यावर आलं होतं. जुनं घर पाडून बायको-मुलं भावाच्या पडवीत राहत होती. "सायब, आता कॅन्सल झालंय तर तां घर तसाच ऱ्हवात," तो म्हणाला. "कायतरी करा." माझ्या हातात तसं काही नव्हतं. तीन वर्षांचे क्लेम बघायचे हा कंपनीचा नियम, आणि त्यांतली दोन वर्षं भयानक होती.

पण तिसरं वर्षच घोटाळ्याचं होतं. देवस्थळीने कोर्स सुरू केला त्या वर्षाच्या सुरुवातीला, आणि तेव्हापासून क्लेम आटले होते. फायलीत एक फुटका आरसा आणि एक चेपलेला दरवाजा, बस्स. नबील आणि देवस्थळी दोघे आमच्या शाखेत आले, ड्रायव्हरांची सर्टिफिकेटं रंगीत फोल्डरमध्ये लावून. आमचे मॅनेजर उस्ताद हमदी इजिप्तचे, मनाने मोठे आणि भाषणाचे शौकीन. देवस्थळीने तिथे केबिनमध्येच वेग, ब्रेक, अंतर यांवर असं काही इंग्रजी झाडलं की हमदींनी त्याच्यासाठी दोनदा चहा मागवला. मला इतक्या वर्षांत एकदा मागवला असेल. शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "खातू, हा तुझ्याच गावचा ना? इतका हुशार माणूस तुझ्या गावचा आहे हे तू कधी सांगितलं नाहीस!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवस्थळी मात्र मान किंचित झुकवून हसला. शाळेत ढाल घेताना हसायचा, अगदी तसंच.

हमदींनी निर्णय माझ्यावर टाकला. एका वर्षाच्या जोरावर दर उतरवायचा तर मुख्य ऑफिसला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण दर ठरवणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहायचं. "तू बघ, खात्री कर आणि लिही. तू नाही म्हणालास तर नाही," ते म्हणाले. म्हणजे वीसेक ड्रायव्हरांच्या नोकऱ्या, भिकाजीचं घर आणि देवस्थळीची कीर्ती, तिन्ही एकदम माझ्या हातात आली. पहिल्या दोघांसाठी माझा जीव तुटत होता. तिसऱ्यासाठी अजिबात नाही. आणि तिघांना वेगळं करायची काही सोय नव्हती.

माझी खात्री होती की हा सगळा देखावा आहे. असं आम्ही धंद्यात कितीदा पाहिलंय. कंपनी विनाअपघात गाडी चालवणाऱ्याला बक्षीस लावते, आणि बक्षिसासाठी ड्रायव्हर लहानसहान ठोकर लपवतात. आपसात वर्गणी काढून गॅरेजमध्ये गुपचूप पत्रा सरळ करून घेतात. क्लेम कमी दिसतात, पण अपघात तेवढेच होत असतात. हे मी सिद्ध करू शकलो तर देवस्थळीची रंगीत फोल्डरं केराच्या टोपलीत जातील, या कल्पनेने मला गुदगुल्या झाल्या. ड्रायव्हरांचं काय होईल, हा विचार मी त्या दिवशी मुद्दाम बाजूला ठेवला.

फहाहीलच्या गॅरेजांच्या गल्लीत श्रीवर्धनचा शौकतभाई पत्र्याचं काम करायचा. त्या भागातली कोणती गाडी कुठे चेपली हे त्याला मुरूरच्या आधी कळायचं. मी गल्लीत शिरलो आणि माझं नशीब उघडलं. समोर त्याच कंपनीची बस उभी, मागचा कोपरा पार आत गेलेला! आमच्याकडे त्याचा कागद नाही, क्लेम नाही. मी जवळजवळ धावतच गेलो.

"शौकतभाई, ही बस?"

"पाण्याच्या टँकरने रिव्हर्समध्ये ठोकली, साहेब. बस पार्किंगला उभी होती. मखफरचा रिपोर्ट आहे, टँकरवाल्याची चूक. त्याची इन्शुरन्स भरणार, तुमच्याकडे कशाला येतील?"

पोलीस ठाण्याचा रिपोर्ट त्याने दाखवलाही. चोख होता. मी हिरमुसून विचारलं, "आणि बाकीच्या बसा? गुपचूप किती येतात?"

त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. "गुपचूप? पहिले आठवड्याला एक तरी यायची. आता सहा महिन्यांत ही एक आली. तुमचा तो देवस्थळी कोण आहे, त्याला सांगा की शौकतच्या पोटावर पाय दिलास म्हणून!" देवस्थळीवर जळणारा आणखी एक माणूस भेटल्याचा मला क्षणभर आनंद झाला. मग लक्षात आलं की त्याच्या जळण्यातच देवस्थळीचा विजय आहे, आणि आनंद मावळला.

तरी मी हरलो नाही. चोरून दुरुस्ती नसेल, पण हळू चालवतात हे कशावरून? पहाटपाळीच्या बसा निघतात त्या वेळी मी माझी गाडी काढली आणि फहाहीलपासून एका बसच्या मागे लागलो. मागची काच धुळीने भरलेली, आत डुलक्या घेणारी डोकी. बस कशी चालली होती म्हणून सांगू! मर्यादेच्या आत, डाव्या, म्हणजे तिथल्या वेगवान गाड्यांच्या बाजूला न घुसता, पुढच्या ट्रकपासून हातभर नाही, चांगल्या चार बसा मावतील एवढं अंतर ठेवून. एखादं लग्नाचं तबक नेताहेत असं वाटावं. मागे मी हॉर्नवर हात ठेवून चडफडतोय. आता सोडेल वेग, मग सोडेल, करत मी वाट बघितली. शेवटी मलाच धीर धरवेना. ऑफिसला उशीर होत होता आणि देवस्थळी पुन्हा जिंकत होता. मी गाडी बाहेर काढली, पाय दाबला, बसला मागे टाकलं, आणि समोर लख्खकन प्रकाश पडला. कॅमेरा.

वेग पकडायला निघालेला मी, वेगात पकडला गेलो. बस माझ्या मागून त्याच चालीने आली आणि ड्रायव्हरच्या जागेवरून भिकाजीने मला ओळखून अदबीने हात केला.

घरी सांगावं लागलंच, कारण दंडाचा कागद घरी येणार. नंदा पोट धरून हसली. "अहो, तुम्हीच जा ना एकदा देवस्थळींच्या कोर्सला! बघून तरी या काय शिकवतात ते." ती थट्टा करत होती, पण मला ते पटलं. आतून बघितल्याशिवाय काही लिहिणं बरोबर नव्हतं. शिवाय आत कुठेतरी पोकळ असेलच, अशी आशा मी सोडली नव्हती.

कोर्स शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी, कॉन्ट्रॅक्टरच्या आवारात. मी दारातून आत डोकावलो तोच देवस्थळी माइकवरून, "या, या! आज आपल्याकडे इन्शुरन्स कंपनीचे खातूसाहेब आलेत. टाळ्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. पहिला तास प्रोजेक्टरवर चित्रं. ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाते, टायर, उष्णता, वाळूने निसरडा झालेला रस्ता. मागे वळून पाहिलं तर नवे आलेले ड्रायव्हर पेंगत होते. एकाची मान तर छातीवर. मला फार बरं वाटलं. हाच का तो कोर्स, मी मनात म्हटलं, आणि मनातल्या मनात रिपोर्टचं पहिलं वाक्यही जुळवलं.

चहा झाल्यावर देवस्थळीने सगळ्यांना आवारातल्या एका बसमध्ये चढवलं. कामगार मधल्या बाकांवर. रोज याच बसांतून जाणारे, सुट्टी असून त्याच्या शब्दाखातर आलेले. आणि ड्रायव्हर सगळे अगदी मागच्या बाकावर, चाकांच्याही मागे, जिथे सगळ्यात जास्त हादरे बसतात तिथे. मीही त्यांच्यात, भिकाजीच्या शेजारी. स्टिअरिंगवर एका नव्या ड्रायव्हरला बसवलं, तरणाबांड, मिशीला पीळ देणारा. देवस्थळीने त्याला सांगितलं, "रोज रस्त्यावर चालवतोस तशी चालव. आवार मोकळं आहे. घाबरू नकोस."

त्याने चालवली. तो वळणावर बस घालायचा तेव्हा आम्ही मागे बाकावरून एकमेकांच्या अंगावर जायचो. गतिरोधकावर माझं डोकं छताला लागलं. ब्रेक दाबला की पोटातला चहा घशात. मी पुढची दांडी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. मोजून दोन चकरा झाल्या असतील, पण मला त्या संपता संपेनात. शेवटी बस थांबली.

देवस्थळी पुढे उभा राहिला. माइक नाही, भाषण नाही. त्याने कामगारांकडे हात केला आणि म्हणाला, "आता तुम्ही सांगा यांना."

 मग पालाड, म्हणजे बांधकामाची परांची, बांधणारा एक पिकलेल्या केसांचा माणूस उठला. तो ड्रायव्हरकडे न बघता म्हणाला, "तुमका वाटता आमी बशीत झोपतांव. आमी डोळे मिटतांव ते झोप येता म्हणान नाय, भियान."

त्या मिशीवाल्याने मान वर केली. "मग सांगलास नाय कधी?"

"तू इचारलंस खंय?"

एवढंच. मिशीवाला खाली उतरला आणि बसच्या चाकाकडे बघत उभा राहिला. माझ्या शेजारी भिकाजी हळूच म्हणाला, "माकाव पयल्या टायमाक ह्योच सांगलेलो, सायब. माझ्याच वाडयेतलो तो. तेच्या घरात मी पेज जेवलंय. आणि तो माझ्या गाडयेत भिवान बसता, ह्या माका म्हायतच नाय." त्याचे डोळे भरले होते. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, मला देवस्थळीचा जन्मात वाटला नव्हता इतका हेवा वाटला.

राजाच्या भूमिकेचा, ढालीचा, आवाजाचा हेवा मी पचवला होता. ते देवाने दिलेलं. पण ही गोष्ट कुणालाही सुचण्यासारखी होती. मला सुचायला हवी होती! त्या बसांची एकेक मोड मी बघितली होती. कुठला कोपरा कितीदा गेला हे मला पाठ होतं. आणि इतक्या वर्षांत बसमध्ये मागे बसणाऱ्या एकाही माणसाला मी विचारलं नाही की बाबा, तुला कसं वाटतं. आमच्या कागदावर चालक, वाहन, नुकसान यांना रकाने होते. आत बसलेला माणूस जखमी झाला तरच त्याला रकाना. देवस्थळीने त्याला आधीच विचारलं. ते मला अजून सलतं.

रिपोर्ट लिहायला बसलो तेव्हा दोन वाक्यं माझ्यापुढे होती. "एका वर्षाचा अनुभव पुरेसा नाही" हे नियमाला धरून होतं. माझ्या सहीखाली ते गेलं असतं तर मला कोणीही बोल लावू शकलं नसतं. देवस्थळी केबिनमध्ये चहा पिताना हमदींना तोंड कसं दाखवेल, हे चित्रही फार गोड होतं. ते मी मनात बराच वेळ चघळलं. पण त्या चित्राच्या कडेला भिकाजी पत्र्याची ट्रंक घेऊन विमानतळावर उभा दिसायला लागला. त्याला काही केल्या बाजूला करता येईना.

मी दुसरं वाक्य लिहिलं. चालवण्यात झालेला बदल खरा आहे, मी स्वतः रस्त्यावर आणि बसमध्ये बसून पाहिला आहे, दर वाढवू नये, थोडा उतरवावा. खाली सही केली. पण देवस्थळीचं नाव लिहिलं नाही. "कोर्समुळे" हा शब्दही लिहिला नाही. विम्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण आम्ही सर्टिफिकेटाला नाही, चालवण्याला सवलत देतो. हमदींनी वाचून भुवया उंचावल्या. "आणि तो तुझा हुशार मित्र?" मी म्हटलं, "उस्ताद, नियमात त्याला जागा नाही." ते हसले आणि कागद पुढे पाठवला. मुख्य ऑफिसने खळखळ केली, दोनदा फोनवर मला उलटतपासलं, आणि शेवटी मानलं. बसा राहिल्या, ड्रायव्हर राहिले. असले रिपोर्ट कंपनीबाहेर जात नसतात. नबीलने ड्रायव्हरांना एवढंच सांगितलं की कोर्समुळे इन्शुरन्स कमी झाला. तिथून ती आवई सगळ्या फहाहीलमध्ये पसरली, आणि मला तो प्रश्न विचारणाऱ्यांची रांग लागली.

चार दिवसांनी भिकाजी काउंटरला आला. अंगात धुतलेला शर्ट, हातात फहाहीलच्या बाजारातल्या मिठाईवाल्याचा मोठा डबा, लाल दोरी बांधलेला. चेहरा असा फुललेला की मी खुर्चीतून उठलोच. इतक्या वर्षांत कोणी विमेवाल्याला पेढे आणून दिलेले मी पाहिले नव्हते. मी हात पुढे केला. त्याने डबा दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "सायब, ह्यो तेवढो देवस्थळी सरांक देशात? तुमी एकाच बिल्डिंगीत ऱ्हवतास मां. त्येंच्यामुळां आमची नोकरी ऱ्हवली."

मी "देतो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घराच्या चौथऱ्यावर आता भिंती चढतील म्हणून तो सांगत होता, आणि मला त्याच्यासाठी मनापासून आनंद होत होता, आणि डबा हातात जड लागत होता.

संध्याकाळी ऑफिसमधून येऊन मी एक जिना जास्त चढलो. देवस्थळीने दार उघडलं. डबा पाहून, भिकाजीचं नाव ऐकून त्याचा चेहरा उजळला. तिथेच दारात उभ्या उभ्या त्याने दोरी सोडली आणि डबा माझ्यापुढे धरला. "घे रे सुध्या," तो म्हणाला, "यात थोडा हात तुझाही आहे."

थोडा! मी डब्यातले चार पेढे उचलले, दोन तिथेच त्याच्यादेखत खाल्ले आणि दोन नंदासाठी घेऊन खाली आलो.